राक्षस कुणाच्या घरचा?



अद्भुत वाङ्मय हा आपला विषय नव्हे, असं आपल्यातले बरेच कार्यकर्ते मानतात. दलित साहित्य म्हणजे भोगलेलं, जळजळीत वास्तव. त्यात भुतं, राजपुत्र, जादूच्या अंगठ्या यांचं काय काम? पोट भरलेल्यांनी दुपारी लोळत वाचायच्या गोष्टी त्या. हे मत मला मान्य नाही. का मान्य नाही ते नुसतं ठासून सांगण्यापेक्षा इतिहासातून दाखवतो.

प्रश्न असा. जगभर अद्भुत कथा लिहिणारे आजचे लेखक आपल्या पूर्वसुरींबद्दल बोलायला लागले की एकतर पाया पडतात नाहीतर पायावर कुऱ्हाड घालतात. असं का? ही नुसती आवडनिवड आहे का? माझं उत्तर सरळ आहे. त्या पहिल्या लेखकाने रचलेल्या जगात तुम्हाला कुठं बसवलं होतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. ज्याला सिंहासनाजवळ जागा मिळाली तो कौतुक करतो. ज्याला राक्षसाच्या जागी उभं केलं तो हिशेब मागतो. आणि ज्याच्या अंगात खरी धमक असते तो तिसरंच काहीतरी करतो. त्या तिसऱ्यासाठी हा लेख.

भुतांनाही जात असते

मी शिवऱ्याचा. पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूर मागं टाकलं की भोर तालुक्यातलं आमचं गाव. एका बाजूला सिंहगडाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पुरंदर. आमच्याकडं रात्री भुताच्या गोष्टी सांगायला कुणाला शिकवावं लागत नाही. त्या गोष्टींकडं जरा नीट बघा. मुंज झाली पण लग्नाआधीच मेला, असा ब्राह्मणाचा पोरगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. ब्राह्मणाचा समंध होतो, तो पुरलेल्या धनाची राखण करतो. आणि खवीस? कोकणातल्या जुन्या समजुतीत खवीस म्हणजे महारामांगाचं नाहीतर मुसलमानाचं भूत. तो आडदांड, तो दिसला की माणसाचं पाणी पाणी होतं.

म्हणजे माणूस मेला तरी जात मरत नाही. मेल्यावरही एकाला पिंपळ आणि खजिना, दुसऱ्याच्या वाट्याला गावाबाहेरचा अंधार. वर्णव्यवस्थेचा नकाशाच हा, फक्त रात्री काढलेला. भीती कुणाची वाटावी हे ज्यानं ठरवलं, त्यानं समाजही ठरवला. म्हणून अद्भुत वाङ्मय हा आपला विषय आहे.

मराठीतलं पहिलं भांडण

मराठी कादंबरीचा जन्म मोठा गमतीचा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. हिंदू विधवांचे हाल हा त्याचा विषय. म्हणजे सुरुवात वास्तवानं झाली. पण १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, मग त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, आणि मराठी वाचक विधवेला विसरून राजकन्येच्या मागं लागला. ताटातूट झालेले प्रेमिक, साधू, वेषांतर, कारस्थानं, शेवटी सद्गुणी माणसांचा जय. हळबे-रिसबूड हे आपल्या अद्भुत कादंबरीचे आद्य पुरुष.

त्यांच्यावर पहिली कुऱ्हाड वास्तववाद्यांनी घातली. १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली, मग 'पण लक्षांत कोण घेतो?' आली, आणि अद्भुत म्हणजे पोरकटपणा असा शिक्का बसला. उलट १९०२ मध्ये वि. का. राजवाड्यांनी 'कादंबरी' हा निबंध लिहिला. त्यात अद्भुत आणि वास्तव असे दोन पंथ मांडले आणि अद्भुताला कमी लेखलं नाही. पुढं गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सची रहस्यं, भुयारं मराठीत आणली. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. हे नाथमाधव तरुणपणी आमच्या या सिंहगडाच्याच परिसरात शिकारीला आले असताना कड्यावरून पडले. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसानं पुढं महाराष्ट्राला घोड्यांवरून दौडवत नेलं. हे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही.

पण या सगळ्या भांडणात एक प्रश्न कुणी विचारला नाही. खरं की खोटं, शक्य की अशक्य, उपदेशपर की रंजक, एवढ्यावरच वाद. या राजवाड्यात भांडी कोण घासतो, मशाल कोण धरतो, जंगलात टिपला जाणारा तो काळा दरोडेखोर कुठल्या वस्तीतला, हे ना हरिभाऊंच्या बाजूनं कुणी विचारलं ना राजवाड्यांच्या. कारण भांडणारे दोघेही एकाच ओसरीवर बसलेले होते. रेनॉल्ड्सचंच बघा. हा माणूस इंग्लंडातल्या चार्टिस्ट चळवळीतला, मजुराला मताचा हक्क मिळावा म्हणून सभा गाजवणारा. आपल्याकडं त्याची भुयारं आली. तो मजूर काही बोटीत चढला नाही.

एका पुतळ्याची गोष्ट

आता अमेरिकेत चला. तिकडं हेच भांडण उघड्यावर झालं, आणि त्यात आपल्या पुण्याचा एक धागा आहे.

एच. पी. लव्हक्राफ्ट हा १८९० ते १९३७ मधला अमेरिकन लेखक. जिवंतपणी स्वस्त मासिकांत छापला गेला, गरिबीत मेला. मेल्यावर मात्र भयकथेचा बाप ठरला. माणूस या विश्वात कस्पटासमान आहे, विश्वाला त्याची काडीइतकी फिकीर नाही, आणि माणसाच्या आधीच्या अतिप्राचीन शक्ती पाताळात, समुद्रतळाशी झोपलेल्या आहेत, ही त्याची कल्पना. कल्पना जबर आहे. पण हाच माणूस कमालीचा वर्णद्वेष्टा होता. १९१२ मध्ये त्यानं काळ्या लोकांना पशूच्या रांगेत बसवणारी एक कविता लिहिली. 'द हॉरर ॲट रेड हुक' ही त्याची कथा न्यूयॉर्कच्या ज्या वस्तीवर आहे तिथं देशोदेशींचे गरीब लोक पोटासाठी आले होते. लव्हक्राफ्टला त्यांच्यात सैतानाचे पुजारी दिसले. म्हणजे त्याची भीती आकाशातून आली नव्हती. ती शेजारच्या चाळीतून आली होती.

१९७५ पासून अमेरिकेत 'वर्ल्ड फँटसी ॲवॉर्ड' दिलं जातं. विजेत्याला मिळे लव्हक्राफ्टच्या मुंडक्याचा पुतळा. २०११ मध्ये हा मान नेडी ओकोराफोर या लेखिकेच्या 'हू फिअर्स डेथ' या कादंबरीला मिळाला. आईबाप नायजेरियाचे, ती काळी. पुतळा घरी आल्यावर ती कविता तिच्या वाचनात आली. आपल्याला जनावर म्हणणाऱ्याचं डोकं आपल्याच टेबलावर, आपल्याच गौरवाची खूण म्हणून! तिनं हे जाहीरपणे लिहिलं. चायना मिएव्हिल या इंग्रज लेखकालाही हे बक्षीस मिळालेलं होतं. त्यानं तिला कळवलं की मी तो पुतळा भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. २०१४ मध्ये डॅनिएल होसे ओल्डर या लेखकानं सह्यांची मोहीम काढली. २०१५ मध्ये पुतळा बंद झाला.

त्या निर्णयावर सर्वांत जास्त कोण संतापलं? एस. टी. जोशी. जन्म पुण्याचा, १९५८ चा. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेला गेला. लव्हक्राफ्टचा जगातला सर्वांत मोठा अभ्यासक तो हाच. हस्तलिखितं धुंडाळून त्यानं लव्हक्राफ्टच्या कथांचे शुद्ध पाठ तयार केले. १९९६ मध्ये मोठं चरित्र लिहिलं, २०१० मध्ये ते वाढवून दोन खंडांत काढलं. पुतळा बंद झाल्यावर त्यानं आपल्याला मिळालेली दोन्ही बक्षिसं परत पाठवून दिली.

आता आपल्यातला कुणीतरी लगेच म्हणेल, आडनाव बघा, आणखी काय सांगायचं! नाही मित्रांनो. आडनावावरून माणसाचा न्याय करणं हे मनूचं काम, आपलं नव्हे. जोशींची बाजू नीट ऐकली पाहिजे. लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष त्यांनी लपवलेला नाही; चरित्रात तो मांडलाय आणि त्याला दोषही दिलाय. १९९९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या वंशद्वेषाच्या लेखनाचा एक जाडजूड संग्रह संपादित केला. म्हणजे हा विषय त्यांना कळत नाही असं म्हणण्याची सोय नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बक्षीस लेखनाच्या मोठेपणाचं आहे, त्या माणसाच्या प्रत्येक मताचं नाही. आणि वर्णद्वेष हा त्याच्या वाङ्मयाचा गाभा नव्हे.

या दुसऱ्या मुद्द्यावर माझं त्यांच्याशी जमत नाही. वर्णद्वेष गाभा नसेल तर 'रेड हुक'मधून तो काढून बघा, काय उरतं? राक्षसाचा चेहराच जर आमच्या वस्तीवरून काढलेला असेल तर चेहरा वेगळा आणि कला वेगळी कशी करणार? आणि पहिल्या मुद्द्यावर एवढंच म्हणतो की लव्हक्राफ्टची पुस्तकं कुणी जाळली नाहीत, छापायची थांबवली नाहीत. ती आजही मिळतात, आणि जोशींच्याच कष्टामुळं चांगली मिळतात. प्रश्न वाचण्याचा नव्हताच. प्रश्न होता पूजेचा. ग्रंथ अभ्यासाला ठेवणं वेगळं आणि त्याच्या कर्त्याची मूर्ती लेकीबाळींच्या हातात देऊन नमस्कार करायला लावणं वेगळं. हा फरक महाडच्या पोरांना कुणी शिकवायला नको.

टॉल्किनच्या बाबतीतही तेच घडलं. त्याची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ ची. मायकेल मूरकॉक या लेखकानं १९७८ च्या एका निबंधात तिच्यावर तुटून पडून म्हटलं की ही तर भेदरलेल्या मध्यमवर्गाला झोपवणारी अंगाई आहे. मिएव्हिल तर त्याहून शिवराळ बोलला. पण त्याच मिएव्हिलनं २००९ मध्ये टॉल्किन का थोर आहे याची पाच कारणं देणारा लेख लिहिला. उर्सुला ले ग्विन टॉल्किनची चाहती. पण १९६८ मध्ये तिनं स्वतःचं अद्भुत जग रचलं तेव्हा नायक तांबूस-तपकिरी कातडीचा केला, आणि २००४ मध्ये टीव्हीवाल्यांनी त्याला गोरा करून टाकला तेव्हा जाहीर निषेध केला. कौतुक आणि हल्ला ही दोन टोळ्यांची कामं आहेत असं समजू नका. एकाच छातीत दोन्ही असतात.

तिसरा रस्ता

आता त्या तिसऱ्याबद्दल. व्हिक्टर लाव्हॅल हा काळा अमेरिकन लेखक. पोरवयात लव्हक्राफ्ट आवडीनं वाचलेला. मोठं झाल्यावर त्याला कळलं की या गोष्टीतला राक्षस आपणच आहोत. त्यानं काय केलं? पुस्तक फेकलं नाही, पूजाही केली नाही. २०१६ मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहून तीच 'रेड हुक'ची गोष्ट परत सांगितली, पण हार्लेममधल्या एका काळ्या पोराच्या डोळ्यांनी. राक्षस कसा तयार होतो, खासगी गुप्तहेराची गोळी त्याला कशी तयार करते, ते दाखवलं. आणि पुस्तक अर्पण केलं ते लव्हक्राफ्टलाच, मनातल्या उलटसुलट भावनांसकट.

अमेरिकेत यावर फार लिहिलं गेलं. लिहू द्या. पण ही युक्ती नवी आहे असं आपल्यापुढं कुणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी ती १८७३ मध्येच केली होती. आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातलं खानवडी हे फुले घराण्याचं गाव. तिथल्या माळ्याच्या या पोरानं 'गुलामगिरी' लिहिली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना.

'गुलामगिरी'त आहे काय? या देशातल्या सर्वांत जुन्या अद्भुत कथेची उलटतपासणी. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. पुराणिक हे सगळं हात जोडून सांगायचा. जोतीरावांनी धोंडिबाला समोर बसवलं आणि एकेका चमत्काराची साल काढली. अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांचे म्होरके. ज्याला पाताळात गाडला तो बळी म्हणजे शेतकऱ्यांचा न्यायी राजा. शिवारातला म्हसोबा, ज्याला आमची आयाबाया घाबरून नारळ फोडतात, तो म्हणजे बळीचा महासुभा, महसुलाचा अधिकारी. भुताला त्याचं सरकारी पद परत दिलं! इतिहास म्हणून यातला तपशील न् तपशील आज टिकेल असा माझा दावा नाही. पण सांगण्याची जागा त्यांनी बदलली, ती कायमची. आणि ही जागा त्यांनी हवेतून आणली नव्हती. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असं आमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या होत्या. राक्षसाच्या बाजूची गोष्ट ओवाळणीच्या ताटात जिवंत होती. जोतीरावांनी तिला छापखाना दाखवला.

त्यावर प्रस्थापितांची प्रतिक्रिया काय? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांची टर उडवली, त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढल्या. वडील कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींच्या भाषांतरात याच विष्णुशास्त्र्यांचा हात होता. दिव्यातून निघणारा जिन चालतो. जमिनीतून वर येणारा बळी चालत नाही. अद्भुताला त्यांचा विरोध नव्हताच. राक्षसानं तोंड उघडण्याला विरोध होता.

बाबासाहेबांनी हेच काम वकिलाच्या शिस्तीनं पुढं नेलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. पण याच बाबासाहेबांनी पुराणं, स्मृती, रामायण-महाभारत असं वाचलं की मठातल्या शास्त्र्यानं वाचलं नसेल. 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र सरकारनं १९८७ मध्ये छापलं, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला. परिशिष्ट काढा म्हणून मोर्चे निघाले. ते राहिलंच पाहिजे म्हणून १९८८ च्या सुरुवातीला आपले लोक लाखांनी मुंबईत उतरले. परिशिष्ट राहिलं, त्यातल्या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही, अशी टीप तेवढी आली. जाळणं आणि वाचणं यांत विरोध नाही. आधी वाचलं, मग जाळलं, मग त्यावर आणखी लिहिलं.

आपण काय करायचं?

आमच्या गावच्या पोरांनी पुस्तकांचं एक कपाट उभं केलंय. त्यात नारायण धारप ठेवायचे की नाही यावर मध्यंतरी दोन बैठका झाल्या. एकजण म्हणाला, मंत्रानं भूत पळवणाऱ्या गोष्टी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी कशाला वाचायच्या? दुसरा म्हणाला, मग चळवळीची पोरं चोरून वाचतात ते काय? दोघांचंही खरं आहे. धारप पुण्याचे. लव्हक्राफ्ट, स्टीफन किंग यांची भुतं त्यांनी मराठी वाड्यात आणून अशी नांदवली की परकी वाटेनात. त्यांच्या गोष्टीवरून सुचलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला. त्यातल्या राक्षसाचं नाव हस्तर. हे नाव ऐकलं की अमेरिकन भयकथेतला हास्टुर आठवतो, जो बिअर्सच्या जुन्या कथेत मेंढपाळांचा सौम्य देव होता. 'तुंबाड'मध्ये एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तिथला राक्षस गावकुसाबाहेरून येत नाही. तो वाड्याच्याच पोटात बसलाय, आणि त्याला पोसणारी हाव घरातल्यांचीच आहे. राक्षसाची जागा हलली की गोष्ट खरी व्हायला लागते, ती अशी.

म्हणून माझं म्हणणं असं की कपाटात सगळं ठेवा. पण वाचताना तीन प्रश्न हातात ठेवा. या गोष्टीत भीती कुणाची वाटायला लावलीय? शेवटी सुटका कुणाच्या हातून होते? आणि जो मारला जातो त्याला एक तरी वाक्य बोलायला मिळालं का? या तीन प्रश्नांना जो लेखक पुरून उरतो त्याचं कौतुक करायला लाजू नका. जो उरत नाही त्याच्याकडून कसब घ्या आणि गोष्ट परत लिहा.

अण्णाभाऊ साठ्यांनी दुसरं काय केलं? तमाशाचा गण गणपतीच्या नावानं सुरू व्हायचा. अण्णाभाऊंनी गण ठेवला, गणपती काढला, आणि त्या जागी मायभूमी आणि कष्टकरी माणसाला वंदन केलं. १९५८ मध्ये मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पुराणातली सर्वांत मोठी अद्भुत कल्पना उचलली आणि सांगितलं की पृथ्वीचा भार शेषनागाच्या माथ्यावर नाही, राबणाऱ्या दलितांच्या तळहातावर आहे. कल्पना मोडली नाही. तिच्याखालचा माणूस दाखवला. पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. हा फकिरा कुठल्या वीरधवलाला कमी आहे?

नंतर आपण आत्मकथनाकडं वळलो. १९७८ च्या 'बलुतं'पासून पुढं जे लिहिलं गेलं त्यानं मराठी वाङ्मयाची झोप उडवली. ते लिहायलाच हवं होतं. पण त्यामुळं एक सवय लागली. दलितानं फक्त स्वतःची साक्ष द्यावी, कल्पना करायचा हक्क दुसऱ्यांचा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आपण किती वर्षं उभं राहायचं? अलीकडं वारं फिरतंय. २०२४ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं जातिविरोधी विज्ञान-अद्भुत कथांचा संग्रह इंग्रजीत काढला. मराठीत हे काम आपल्यालाच करावं लागणार.

विषय हवा असेल तर घ्या, आमच्या शिवारातलाच देतो. खवीस सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला बघून कोण पळालं, कुणाला ताप भरला, कुणी उतारा टाकला, हे शंभरदा ऐकलंय. पण तो मेला कसा, हे कुणी सांगत नाही. वेठबिगारीत मेला, पटकीत मेला, की पाणवठ्यावर हात लावला म्हणून मारला? त्याचं नाव काय होतं? त्याच्या मागं बायको होती का? ती गोष्ट मला वाचायची आहे. लिहा आणि पाठवा. शाई आणि कागद कमी आहेत, पण तिच्यासाठी पानं राखून ठेवू.